नखांवरची नक्षी: नेल आर्ट, एक्स्टेन्शन्स आणि आपले भाकरी थापणारे हात

नखरेल_लातूर

नमस्कार मंडळी. लातुरात औसा रोडला माझा छोटासा नेल स्टुडिओ आहे. तुळशीची लग्नं उरकली की लग्नसराई सुरू होते आणि तेव्हापासून मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न: जेल की ॲक्रिलिक, किती टिकतं, स्वतःची नखं खराब होतात का, भाकरी थापता येईल का. म्हणून एकदाच इथं बैजवार लिहून ठेवतेय. पुढे कुणी विचारलं की लिंक पाठवायची, विषय संपला.

आधी नखाचं. आपल्याला दिसतं ते नख म्हणजे केराटिनचे थर, मेलेले. जिवंत भाग मागे कातडीखाली असतो, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. तिथं नख तयार होतं आणि पुढे सरकतं, हाताचं महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला ४ ते ६ महिने. हे आधी सांगायचं कारण असं की, एकदा कुणी तुमचं नख घासून पातळ केलं की कुठलंही तेल, कुठलंही सिरम तो भाग परत जाड करत नाही. तो पुढे सरकून कापला जाईपर्यंत थांबायचं.

आता नेल आर्ट वेगळं आणि एक्स्टेन्शन वेगळं. आर्ट म्हणजे नखावरची सजावट, ती तुमच्या आखूड नखावरही होते. एक्स्टेन्शन म्हणजे लांबी. या दोघांच्या मधे ओव्हरले असतं: लांबी वाढवायची नाही, स्वतःच्याच नखावर जेलचा मजबूत थर द्यायचा. हे पुष्कळांना माहीतच नसतं आणि माझ्या मते पुष्कळांना लागतं तेच.

साधी नेलपॉलिश वाळते. तिच्यातलं सॉल्व्हंट उडून जातं आणि नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा मागे उरतो. जेल मात्र कितीही वेळ उघडं ठेवलं तरी वाळत नाही. दिव्याखाली त्यातले छोटे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि ते कडक होतं. हे दिवे अतिनील किरणांचे, साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचे असतात. उन्हातही हेच किरण असल्यामुळे जेलचा ब्रश उन्हाच्या खिडकीत राहिला तर तो गेलाच समजा. आपल्याकडच्या उन्हात तर बघायलाच नको.

एक्स्टेन्शनमध्ये सगळ्यात सोपी प्रेस-ऑन. तयार नखं, गोंदाने नाहीतर चिकटपट्टीने लावायची. एका कार्यक्रमापुरतं हवं असेल तर खुशाल हीच घ्या, माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. मग सॉफ्ट जेल टिप्स, पूर्ण नखाच्या मापाच्या, जेलने चिकटवून दिव्याखाली धरतात. या ॲसिटोनमध्ये सुटतात. हार्ड जेलमध्ये नखाखाली कागदी फॉर्म लावून वर नख घडवतात. ते ॲसिटोनला दाद देत नाही, घासूनच काढावं लागतं. ॲक्रिलिकला लिक्विड आणि पावडर लागते. लिक्विडमध्ये बुडवलेला ब्रश पावडरीला टेकवला की टोकावर ओलसर गोळी धरते, ती नखावर दाबत दाबत पसरवायची. दिवा लागत नाही, हवेतच बसतं. वास उग्र. उन्हाळ्यात एसी नसला तर गोळी इतक्या लवकर बसते की नवीन मुलींचा हात चालेस्तोवर ती दगड झालेली असते. पॉलीजेल हार्ड जेल आणि ॲक्रिलिक यांच्या मधलं, ट्यूबमधून येतं. तसं ॲक्रिलिक दातांच्या दवाखान्यातून आलेलं. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्यांनी दातांसाठीचंच ॲक्रिलिक वापरून ते बनवलं. तिथून या धंद्याची सुरुवात धरतात.

काम चांगलं झालंय की नाही हे बघायला नख बाजूने धरून बघा. मधोमध हलका उंचवटा दिसला पाहिजे, त्याला अपेक्स म्हणतात. स्वतःचं नख संपून पुढची लांबी सुरू होते तिथं सगळा ताण येतो. माल तिथं कमी पडला की तिथूनच मोडणार. आणि फारच जाड थापला तर एक्स्टेन्शन मोडत नाही, पण ठेच लागली की खाली खरं नख उचकटतं. ते जास्त वाईट.

सगळं यश तयारीत असतं, रंगात नाही. क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) मागे सारायची, नखाला चिकटलेला पातळ पापुद्रा खरवडून काढायचा, बारीक फाइलने फक्त चमक घालवायची (१८० किंवा २४० ग्रिट, नंबर लहान तेवढी फाइल खरखरीत, म्हणून १०० नंबरची खऱ्या नखाला लावायची नाही), मग नखावरचा ओलावा-तेल घालवणारं डिहायड्रेटर, पकड देणारं प्राइमर आणि बेस, म्हणजे जेलचा पहिला थर. जेल आजूबाजूच्या कातडीला टेकता कामा नये. टेकलं की तिथून उचलायला लागतं, फटीत पाणी शिरतं आणि काही दिवसांत आत हिरवा डाग दिसतो. ती बुरशी नसते, बहुतेक वेळा सुडोमोनास नावाचा जिवाणू असतो. वरून नवा थर देऊन तो झाकणारीकडे परत जाऊ नका.

दर दोन-तीन आठवड्यांनी रिफिल (वाढलेल्या जागी पुन्हा माल भरणं) लागतं, कारण नख वाढतं तसा उंचवटा पुढे सरकतो आणि तोल बिघडतो. खर्च धरताना हेही धरा. लोक पहिल्या वेळचा भाव विचारतात आणि रिफिलच्या वेळी तोंड वाकडं करतात.

विचारा काय विचारायचं ते.

गंजगोलाईकर

माहिती चांगली लिहिली. पण मला एक सांगा, एवढे पैसे देऊन नखं लावायची आणि मग गॅसचं बटण फिरवायला नवऱ्याला हाक मारायची, हा कुठला न्याय? आमच्या घरी सध्या हेच चालू आहे. शिवाय रेशनच्या मशीनवर अंगठा लागतो का या नखांनी? दुकानदार मागच्या खेपेला वैतागला होता.

नखरेल_लातूर

काका, ठसा बोटाच्या पेरावर असतो, नखावर नाही. अंगठा उभा टेकवला तर नख आधी मशीनला लागतं आणि ठसा उमटत नाही. आडवा, सपाट ठेवायला सांगा काकूंना, लागतो. गॅसचं बटण मात्र तुम्हीच फिरवा, तेवढंच स्वयंपाकघरात येणं होईल.

चिंचोलीची_सून

मला नेमकं हेच विचारायचं होतं. आमच्याकडं दोन्ही वेळेला ज्वारीच्या भाकरी, त्याही डझनावारी. हौस लई आहे पण जमंल का?

नखरेल_लातूर

लांबी नको. भाकरी थापताना बोटं सपाट पडली पाहिजेत. लांब नख असलं की ते आधी पिठात रुततं, भाकरीच्या कडेला चंद्रकोरी उमटतात आणि तिथूनच ती चिरते. वर नखाखाली पीठ जाऊन वाळतं, ते काढायला काडी घेऊन बसा. तुमच्यासाठी ओव्हरले, नख बोटाच्या टोकाबरोबर किंवा दोन-एक मिलिमीटर पुढे, आकार गोल किंवा ओव्हल. चौकोनी कोपरे पिठात जास्त अडकतात. गोंदाची प्रेस-ऑन घेऊ नका, रोजचं गरम पाणी आणि भांडी यात ती दोन दिवसांत सुटतील.

आखूड नखावर डिझाइनही बारीक आणि उभं घ्या. उभ्या रेषेनं बोट लांब दिसतं, आडव्या पट्ट्यांनी बुटकं.

जालन्याची_जाई

माझा अनुभव सांगते. एका पार्लरमध्ये (नाव घेत नाही) जेल काढायला गेले. तिनं मशीन लावली आणि सरळ घासत सुटली. चटके बसायले म्हटलं तर म्हणे थोडं होतंच. घरी आल्यावर प्रत्येक नखाच्या मुळाशी लाल आडवी रेघ, आणि गरम चहाचा कप धरला तरी झोंबायचं. आता ती रेघ अर्ध्या नखापर्यंत आली आहे. हे कायमचं का?

नखरेल_लातूर

नाही, सरकत सरकत जाईल. त्या रेघेला आमच्यात रिंग ऑफ फायर म्हणतात. ड्रिल एकाच जागी दाबून धरलं किंवा मुळाशी तिरकं लावलं की होतं. तोवर वर काही लावू नका, नख आखूड ठेवा, क्युटिकल ऑइल लावत राहा. तेलानं नख जाड होत नाही पण कोरडं पडून तुटायचं थांबतं.

सगळ्यांसाठीच सांगते, काढणं हे लावण्यापेक्षा नाजूक काम आहे. विरघळणारं जेल असेल तर वरचा चकचकीत थर फाइलने घालवायचा, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग लाकडी काडीनं हलकंच ढकललं की पापुद्रे सुटतात. नाही सुटले तर परत गुंडाळायचं. ओढायचं नाही. जेल ओढून निघतं तेव्हा सोबत खऱ्या नखाचे थर निघतात, ते पांढरे खरबरीत डाग दिसतात ना, ते तेच. आणि ॲसिटोन भयंकर पेट घेतं, बोटांना फॉइल बांधलेली असताना देवापुढं दिवा लावायला किंवा दूध बघायला उठू नका.

जाई, तुमच्या नखांवर ॲक्रिलिक असतं तर मी अजून एक विचारलं असतं: ॲसिटोनमध्ये ते मऊ पडत होतं का? स्वस्तातल्या काही लिक्विडमध्ये एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) नावाचं मोनोमर, म्हणजे ॲक्रिलिक ज्यापासून बनतं ते रसायन, असतं. ते फार कडक होतं आणि ॲसिटोनला जुमानत नाही, म्हणून मग घासत सुटतात. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) १९७० च्या दशकातच शंभर टक्के एमएमए असलेल्या नेल उत्पादनांवर कारवाई केली. चांगल्या लिक्विडमध्ये ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) असतं. बाटलीवर काहीच लिहिलेलं नसेल तर हात पुढे करू नका.

त्वचा_संभाजीनगर

त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो, त्यामुळे थोडी भर घालतो.

नखांभोवती खाज, बारीक फोड, बोटांची टोकं सोलणं, आणि गंमत म्हणजे कधी कधी पापण्यांवर पुरळ (कारण आपण बोटं डोळ्यांना लावतो), असं घेऊन मुली येतात. ही बहुधा ॲक्रिलेटची, म्हणजे जेल-ॲक्रिलिक ज्यापासून बनतात त्या रसायनांची, ॲलर्जी असते. जेलमधलं हेमा हे रसायन त्यात नेहमी सापडतं. पूर्ण कडक झालेल्या जेलचा फारसा त्रास नसतो. अर्धवट कडक झालेलं किंवा कातडीला लागलेलं जेल त्रास देतं. म्हणून घरी ऑनलाइन किट आणून, भलत्याच दिव्याखाली करणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसतं. एकदा ॲलर्जी बसली की ती सहसा जात नाही. याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये, सांध्याच्या ऑपरेशनमधल्या सिमेंटमध्ये आणि काही ग्लुकोज सेन्सरच्या चिकटपट्टीतही असतात, त्यामुळे डॉक्टरांना ही ॲलर्जी आवर्जून सांगायची. युरोपात हेमाचा वापर व्यावसायिकांपुरताच ठेवला आहे आणि टीपीओ नावाचा, जेल कडक करणारा घटक तिथं १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केला आहे. खरेदी करताना टीपीओ-मुक्त लिहिलेलं मिळत असेल तर तेच घ्यावं.

मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील तर दिव्याखाली हात घालण्याआधी विचारा. या गोळ्यांवर असताना अतिनील किरणांनी नख खालच्या मांसापासून सुटू शकतं. बाकीच्यांनी हाताला सनस्क्रीन लावून जावं किंवा बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे घालावेत.

नांदेडची_सिस्टर

आमच्याकडं हा विषयच बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हात स्वच्छतेच्या सूचनांत स्पष्ट आहे, रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरायची नाहीत आणि स्वतःची नखंही अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा आखूड ठेवायची. नवीन मुली लग्न करून रजेवरून परत येतात त्या नखं घेऊनच, मग वॉर्डात पहिलं काम ते.

पेशंटांना विनंती. ऑपरेशनला येताना नखं काढून या, निदान दोन बोटं तरी मोकळी ठेवा. ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लागतो आणि गडद रंगामुळे रीडिंग चुकू शकतं. सिझेरियनला येणाऱ्या बाया तर मॅटर्निटी फोटोशूटची नखं तशीच घेऊन येतात. रात्री अडीचला ॲसिटोन कुठून आणायचं माय आम्ही?

वरमाई_परभणी

पोरीचं लग्न आहे. तिला पैठणीचं डिझाइन पाहिजे नखावर. मेहंदी आधी की नखं आधी? आणि हळदीचं काय? माझ्या भाचीची पांढरी नखं हळदीत पिवळी झाली ती फोटोत पिवळीच आली.

नखरेल_लातूर

हळदीचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे आणि तो कुणी आधी विचारत नाही. फिक्या रंगाच्या, न्यूड, पांढऱ्या जेलला हळद धरते. त्यातला पिवळा घटक वरच्या थरात शिरतो आणि धुऊन जात नाही. डाग ताजा असताना आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला तर बराच निघतो. राहिलेला उन्हात फिका पडतो, कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो तसाच. पण नवरीला उन्हात बसवणार कोण? त्यामुळं सरळ हिशोब करा: हळद आटोपली की मग नखं. वेळ नसेल तर आधी करा पण रंग गडद घ्या, मरून, बाटली हिरवा, राणी. आणि शेवटचा टॉप कोट हळदीनंतर घासून नव्याने द्यायचा, हे आर्टिस्टशी आधीच बोलून ठेवा.

मेहंदीबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत. काही जणी नखं आधी करतात. मी मेहंदीनंतर करते, रंग चढल्यावर, दुसऱ्या दिवशी. नखावर मेहंदी चढली तरी जेलखाली झाकली जाते. फक्त मेहंदीवर लावलेलं तेल, लिंबू-साखर नखावरून नीट पुसावं लागतं, तेलकट नखावर जेल धरत नाही. आणि काम करताना ॲसिटोन बोटांवर सांडायचं नाही, मेहंदीचा रंग मरतो.

आता पैठणी. दहाच्या दहा नखांवर मोर काढायला सांगू नका, जत्रा दिसते. मी असं करते: आठ नखं एका रंगाची, टोकाला सोनेरी नारळी काठ, म्हणजे बारीक त्रिकोणांची ओळ. दोन्ही हातांच्या अनामिकेवर मुनिया (पैठणीवरचा पोपट) किंवा आसावलीची (फुलांची) वेल. मुनियेचं अंग डॉटिंग टूलनं (टोकाला बारीक गोळी असलेली काडी) हिरव्या जेल पेंटच्या एका थेंबात, त्याच थेंबातून लायनर ब्रशनं शेपूट मागे ओढायची, दिव्याखाली काही सेकंद धरायचं म्हणजे पुढचा रंग त्यात मिसळत नाही, मग लाल चोच, मग डोळ्याचा काळा ठिपका. प्रत्येक रंगानंतर दिवा. शेवटी सोनेरी बाह्यरेषा, ती सगळ्यात अवघड, कारण ब्रशला चार-पाच केसच असतात आणि नवरी त्याच वेळी फोन घ्यायला हात ओढते. खडे लावायचे असतील तर कडेला, मधे नको. पदराच्या जरीत अडकतात आणि पैठणीचा धागा निघाला तर सासू नखाला नाही, मला बोल लावते.

चकचकीत हवं असेल तर क्रोम पावडर नाहीतर कॅट-आय. कॅट-आयच्या जेलमध्ये लोहचुंबकाला ओढले जाणारे कण असतात, कडक करायच्या आधी नखावर चुंबक धरला की उजेडाची रेघ सरकते. रिसेप्शनच्या लाइटमध्ये छान दिसतं.

गंजगोलाईकर

चुंबकवालं आमच्या घरी दाखवू नका.

अंबाजोगाईची_अनामिका

ताई, मला हे शिकायचंय. आमच्या इथं लग्नाला नखं करायला मुली लातूरला नाहीतर संभाजीनगरला जातात. पार्लरचा कोर्स झालाय. कुठून सुरू करू? लाइट जाते त्याचं काय?

नखरेल_लातूर

आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो, पण तुझा पार्लरचा कोर्स झालाय तर फक्त नेलसाठी कुणाच्या तरी हाताखाली काम कर. आठवड्याचा कोर्स आणि सर्टिफिकेट देणाऱ्या पुष्कळ आहेत, तिथं आर्ट शिकवतात, काढायला शिकवत नाहीत. भांडवलाला मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. तेवढ्यात सुरुवात होते.

पहिले पैसे चांगल्या दिव्यात आणि एका कंपनीच्या बेस-टॉपमध्ये घाल, शंभर रंगांत नको. रिचार्जेबल दिवा लाइट गेल्यावर उपयोगी पडतो, पण काही दिव्यांची बॅटरी उतरली की उजेड दिसतो तसाच आणि ताकद कमी पडते. वरून कडक, आत कच्चं. डॉक्टरांनी वर जे सांगितलं ते तिथूनच सुरू होतं. त्यापेक्षा इन्व्हर्टर. दिव्यात गिऱ्हाइकाला चटका बसला तर हात बाहेर काढू दे, जेल कडक होताना उष्णता सुटतेच, थर जाड असला की जास्त. पातळ थर दे.

स्वतःला जप. नायट्राइल ग्लोव्ह्ज, आणि जेल लागलं की लगेच बदलायचे, ते आरपार जातं. घासताना मास्क, शक्य झालं तर धूळ ओढणारा पंखा. आणि नेल ग्लू सुती कपड्यावर सांडू देऊ नकोस. कापसाशी त्याची प्रक्रिया होऊन तो एकदम तापतो, मांडीला चटका बसतो. आपल्या कापसाच्या मुलखात ॲप्रन तेवढा सिंथेटिक घाल.

चिंचोलीची_सून

मी ओव्हरले करून घ्यायचं ठरवलं, ओव्हल, गुलाबी. सासूबाईंना दाखवला धागा. त्या म्हणायल्या, मला पण करून आण, पण खडा एक तरी पाहिजे.

वरमाई_परभणी

मग आमचं ठरलं. हळद सकाळी आहे, नवरीचं दुपारी करू, गडद हिरवा आणि मुनिया. माझं आखूड, नुसता नारळी काठ. परभणीला येऊन कराल का, का आम्हीच यायचं? तारीख व्यनि (खासगी निरोप) करते.